लंबू, ठेंगू आणि सहाचा चहा

३ मार्च

बाबांचं घर आवरायला घेतलं. शाळेतून पंधरा दिवसांची रजा — हेडबाईंनी नाक मुरडूनच दिली. तेवढ्यात घर रिकामं करून किल्ली एजंटच्या हाती द्यायची.

कपाटातून रहस्यकथांची सगळी चोवीस पुस्तकं निघाली! उंच गुप्तहेर आणि त्याचा बुटका सोबती. आमच्या घरी त्यांना लंबू-ठेंगूच म्हणायचे.

संध्याकाळी सहाला बेल. कंपाउंडरकाका! बाबांच्या चष्म्याच्या दुकानाशेजारच्या दवाखान्यात जन्म काढला. चाळीस वर्षं रोज सहाला आमच्याकडे चहा. बाबा जाऊन महिना झाला, तरी आले. "पाय वळले गं. काय करू?"

४ मार्च

काका परत आले. याच टेबलाशी मी गृहपाठ करायचे आणि समोर हे दोघे भांडायचे. काका पुडी सोडणार — "ठेंगूची बायको दर गोष्टीत माहेरी कशी? मुळात बायकोच नाही! लोकांनी स्थळं आणू नयेत म्हणून मारलेली थाप."

बाबा उसळणार. "तिसऱ्या पुस्तकात लग्न झालंय त्याचं! पान ऐंशी!"

"तू जेवून आलास का लग्नाला?"

मग तासभर तेच. माझी गणितं हटकून चुकायची. किती वर्षांनी इतकी हसले आज!

७ मार्च

पलंग गेला, भांडी गेली. काका रिकाम्या खोलीकडे बघत बसले. मग एकदम — "लंबू नाहीच गं. गोष्टी लिहितो कोण? ठेंगू. एकटा जीव. बसल्या बसल्या मित्र रचला त्यानं."

मी थेट बाबांसारखी भडकले. "काहीतरीच! सहाव्या पुस्तकात घरमालकीण लंबूला चांगली झापते की!"

"तेही लिहिलं कुणी?"



९ मार्च

रविवारी एजंट गिऱ्हाईक आणतोय. काकांना सांगितलं. "बरं झालं," म्हणाले. चहा अर्धा टाकून उठले.

१० मार्च

सहा वाजले. सात वाजले. काका नाहीत.

११ मार्च

मीच गेले, पुस्तकांची पिशवी घेऊन. दवाखान्यामागची एवढीशी खोली. म्हटलं, "ही तुमच्याकडेच शोभतात. तुमच्याइतकी पाठ कुणाला आहेत?"

काकांनी वरचं पुस्तक हातात घेतलं. उलटंपालटं केलं. पाहुण्याचं मूल मांडीवर दिल्यासारखं अवघडून धरलं.

"मी यातलं एकही वाचलेलं नाही गं."

"मग ती रोजची भांडणं?" मी विचारलं.

"तुझा बाप सांगायचा तेवढंच. चुकीचं बोललं की पेटायचा, मग तासभर थांबायचा नाही. वाचलं असतं तर सगळंच संपलं असतं."

खोलीत एकच खुर्ची. मी खाटेच्या कडेला बसले. पहिलं पुस्तक उघडलं. "वाचू?"

"वाच," काका म्हणाले. "पण मी मध्ये मध्ये बोलणार."