आईच्या गालावरच्या पुटकुळ्या

बाबा,

आईच्या तोंडावर पुन्हा पुटकुळ्या उठल्या आहेत आणि त्या आनंदात आज मी शेवयांची खीर केली. तुम्हाला वाटेल, पोरगी बिघडली. सत्तरी ओलांडलेली बाई, नाकावर, गालांवर, हनुवटीवर कॉलेजच्या मुलीसारख्या लाल लाल पुटकुळ्या, आणि लेक शेजारीपाजारी खीर वाटते आहे. पण गोष्ट खरोखरच आनंदाची आहे आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण तिच्यात तुमचं काम आहे, तुमचे दोस्त आहेत आणि तुमचा आजारही आहे.

तुमचाच आजार आईला झाला, फुप्फुसाचा. गेल्या वर्षी खोकला थांबेना म्हणून बोईसरला छातीचा फोटो काढला आणि तिथून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. आईने दारातच सांगून टाकलं, "मी नाय ती सलायन लावून घेणार. तुज्या बाबांचं बघितलंय मी." मीही बघितलं होतं. तुमचे ते सलायनचे दिवस आठवले की मला आधी आपलं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही पाटावर बसला आहात, आई बोंबलाचं कालवण वाढते आहे आणि तुम्ही म्हणता, भांड्याला वास येतोय. ती भांडं बदलते. दुसऱ्या भांड्यालाही तोच वास. मग तुम्ही नुसता भात कालवता आणि आमच्याकडे बघून हसता. केस गेले तेव्हाही "चला, तेल वाचलं" म्हणून तुम्हीच आम्हाला हसवलंत. आई मागच्या दारी जाऊन रडून आली. तेव्हा बहुतेकांना तीच औषधं आणि तेच हाल.

या वेळी डॉक्टर निघाली एक तरुण मुलगी. ती आईला म्हणाली, "आजी, सलायनचं नंतर बघू. आधी गाठीचा बारीक तुकडा तपासायला देऊ. प्रत्येक गाठीची आपली एक खूण असते. काही खुणांवर नेमकी बसणारी गोळी आता निघाली आहे." आई लगेच म्हणाली, "म्हंजे डाय!" डॉक्टर माझ्याकडे बघायला लागली. मग मी सांगितलं, आम्ही तारापूरकडचे, आमच्या ओटीवर दागिन्यांच्या डाय कोरल्या जायच्या. पोलादाच्या ठोकळ्यात फूल कोरायचं, त्याला नेमका बसेल असा वरचा तुकडा करायचा, मधे सोन्याचा पत्रा ठेवून दाब दिला की फूल उठतं. डॉक्टरला इतकी गंमत वाटली की तिने बाहेर ताटकळलेल्या पेशंटांना विसरून दोन प्रश्न आणखी विचारले.

आईची खूण सापडली आणि गोळी मिळाली. महागडी आहे, हॉस्पिटलच्या मदतीतून मिळते. रोज एक, घरच्या घरी. आजार मुळापासून जाईल असं डॉक्टरने मुळीच सांगितलं नाही. ताब्यात राहील, म्हणाली, आणि कधीतरी गोळी चालेनाशी झाली तर पुढचं शोधू. पण बाबा, दोन महिन्यांत खोकला गेला आणि आई गच्चीवर पापड वाळत घालायला लागली! फक्त तोंडभर पुटकुळ्या आल्या. या गोळीने त्या बहुतेकांना येतातच. बायका चिडवायच्या, "आत्या, पुन्ना वयात आलीस काय गं?" आणि आई पदराने तोंड झाकून हसायची.

हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसलं की मला तर जत्रेत आल्यासारखं वाटतं. सफाळ्याची एक बाई असते, तिच्या छातीतल्या गाठीवर असं इंजेक्शन देतात की औषध आधी गाठ शोधतं आणि तिथे गेल्यावरच उतरतं. मनोरचा एक कारकून आहे, रक्ताचा आजार. त्याच्याच अंगातल्या पेशी बाहेर काढल्या, त्यांना आजार ओळखायला शिकवलं आणि परत आत सोडल्या. तो आता बाकड्यावर बसून सगळ्यांना राजकारण समजावतो. एका गृहस्थांची गाठ गळ्यात, पण गोळी फुप्फुसवाल्याची, कारण खूण तीच. कधी कधी गाठ कुठे आहे यापेक्षा तिची खूण काय हे महत्त्वाचं ठरतं, असं डॉक्टर म्हणते. सगळ्यांचंच जमतं असं नाही. एका मुलीची खूण सापडली, पण तिच्यावर बसणारं औषध अजून कोणी केलेलं नाही. तिची आई नुसती डबा उघडून आमच्यापुढे धरायची.

आता तुमचे दोस्त. तुमच्या शेजारच्या पाटावर बसून जन्मभर छिन्नी चालवलेले काका. पावसाळ्यानंतर त्यांनाही हाच आजार निघाला. भीतीने मुंबईला जायलाच तयार होईनात. "माज्या दोस्ताचं काय झालं ते ठावं हाय मला," एवढंच म्हणायचे. आई रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसायला लागली. मला वाटलं, बरं झालं, दोघांना सोबत. त्याच सुमारास आईचं तोंड साफ व्हायला लागलं. बोईसर स्टेशनवरचा आमचा नेहमीचा रिक्षावाला म्हणाला, "माताजी का चेहरा तो एकदम चमक रहा है!" मीही खूश. गोळी अंगाला लागली, असं समजून चालले.

डॉक्टर मात्र खूश झाली नाही. तिने आईच्या हनुवटीला हात लावून पाहिलं आणि विचारलं, "आजी, गोळी रोज घेता ना?" आईला खोटं बोलता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. ती पंख्याकडे बघत म्हणाली, "घेते की. एक दिवस आड."

"आणि मधल्या दिवसाची?"

"ती भावजींची."

डॉक्टरने त्याच दिवशी स्कॅन करायला पाठवलं. निकाल येईपर्यंत मी बाकड्यावर आईकडे पाठ करून बसले. मला राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. ती मात्र शांतपणे म्हणाली, "तुज्या बाबांना देता नाय आली. भावजींना तरी द्यावी, म्हणलं. डाय तुटली का एकमेकांची आणायचो का नाय आमी?" आपल्या आळीत डाय उसनी मागायला कधी कोणी लाजलं नाही. नशीब, गाठ होती तेवढीच होती. कमी व्हायची थांबली होती, पण वाढली नव्हती.

घरी आल्याबरोबर मी काकांकडे धावले. त्यांनी कोनाड्यातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. सगळ्या गोळ्या जशाच्या तशा. "वैनी एवढ्या मायेनं देते, नको कसं म्हणू? पन तिची गोळी मी कशी खाऊ? बाय, तूच सांबाळ." म्हणजे इतके दिवस त्या गोळ्या आईनेही खाल्ल्या नव्हत्या आणि काकांनीही नाही. मी तिथेच हसायला लागले आणि हसता हसता रडले.

मग मी तुमची पेटी उघडली. मी दहा-बारा वर्षांची असताना एका फुलाचा वरचा तुकडा दुसऱ्याच फुलावर ठेवून हातोडी मारली होती, आठवतं? पत्रा फाटला आणि डायचा कोपरा उडाला. तुम्ही कधी नव्हे ते ओरडलात, "जबरदस्तीनं बसत नाय! पत्रा पन जातो नि डाय पन!" आणि दिवाळीला तीच कोपरा उडालेली डाय मला भेट दिलीत. ती मी आई आणि काकांच्या मधे ठेवली, शेजारी दुसऱ्या फुलाचा वरचा तुकडा ठेवला, आणि म्हटलं, बसवा. काकांनी दोन्ही तुकडे उचलून बोटांनी चाचपले आणि परत खाली ठेवले. मग काका म्हणाले, "माजी खून बघायला कधी जायचं?"

ते गेले. त्यांची खूण आईसारखी नाही, गोळी त्यांना काहीच उपयोगाची नव्हती. त्यांना ठरावीक दिवसांनी बाटली लावतात, अंगातल्याच राखणदारांना जागं करणारी. सुरू करण्याआधी ते तुमच्या आठवणीने चकोट करून आले होते, केस जायचेच आहेत तर आपणच काढू म्हणून. केस काही गेले नाहीत, उलट चकोटावर पुन्हा उगवायला लागलेत आणि आई त्यांना मुंजीतला बटू म्हणते.

परवा भाकरी थापता थापता आईने विचारलं, "ह्यांना बसली असती का गं ही गोळी?" मी म्हटलं, "नाही. बाबांची खूण वेगळी होती. डॉक्टरने जुने कागद बघून सांगितलं." तिने भाकरी उलटली. "मंग बरं," म्हणाली आणि हात धुऊन गोळी घेतली. आता आठवण करावी लागत नाही, आणि पुटकुळ्याही परत आल्या.

बाबा, जुने कागद कोणी बघितलेले नाहीत. मी डॉक्टरला विचारलं होतं. तुमच्या गाठीचा तुकडा कुठे ठेवलेलाच नाही, म्हणाली, आता कळायचं नाही. बसलीही असती. हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होते, पण आई फोटो रोज उतरवून पुसते आणि चष्मा लावून हाताला लागेल ते वाचते. तेव्हा हे माझ्याकडेच राहू दे. ती दिवेलागणीला तुमच्याशी बोलत असते. तिने तुम्हाला विचारलंच, तर माझंच खरं म्हणा.