आमच्याकडे एकदाच विचारतात

३ मे, सोमवार

ठरलं एकदाचं. शुक्रवारी संध्याकाळी काका-काकू येणार, रविवारी संध्याकाळी परत. ताईकडे दोन महिने ठाण मांडून बसलेत. ताई म्हणजे त्यांची मुलगी, माझी चुलत बहीण, इथून ट्रेनने तीन तासांवर. आता माझ्याकडे पायधूळ झाडायचं ठरवलंय.

का येतायत ते मी ओळखून आहे. आई तिकडे मायदेशी घरात एकटी आहे. वर्षभर मी तिच्या कानी-कपाळी ओरडतोय की इकडे ये, माझ्याकडे राहा. ती म्हणते, भाऊजींना एकदा बघून येऊ दे, मग ठरवू. बाबा गेल्यापासून घरात काकांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. हे काका वीज कंपनीत मीटर तपासायचे. उभा जन्म लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचण्यात गेला आणि आता हे माझ्या घराची तपासणी करणार!

तपासा म्हणावं. मागची खोली आईसाठी तयार आहे. पलंग मी स्वतः जोडला. काही स्क्रू उरले. कंपनी जास्तीचे देत असणार.

काका परतल्यावर आईला 'खुशाल जा' म्हणून सांगतील, यात शंका नाही. महिन्याभरात आई इथे. लिहून ठेवतो.

६ मे, गुरुवार

बायकोची शनिवार-रविवार लॅबमध्ये ड्युटी. बदलून मिळत नाही म्हणे. मिळवायचीच नसेल तर कशी मिळणार? तिने सगळा स्वयंपाक करून डबे फ्रिजमध्ये रचलेत. वर मला सूचना: आग्रह कर. म्हातारी माणसं आहेत, पहिल्यांदा नको म्हणतील, लक्ष देऊ नकोस, सरळ ताटात वाढ.

मी तिला नीट समजावून सांगितलं. आग्रह ही शुद्ध भंपक गोष्ट आहे. एकाने नको म्हणायचं, दुसऱ्याने घ्याच म्हणायचं, पहिल्याने हात आडवा घालायचा, दुसऱ्याने तो बाजूला सारायचा. एका पोळीसाठी चार जणांची कुस्ती! मी ऑफिसात प्रोसेस सुधारण्याचा पगार घेतो. हो म्हणजे हो, नको म्हणजे नको. समोरच्याच्या 'नको'चा मान राखणं म्हणजेच सुसंस्कृतपणा. आमच्याकडे एकदाच विचारतात, हे पाहुण्यांना एकदा कळलं की त्यांनाही सुटल्यासारखं वाटेल.

ती म्हणाली, तू आणि तुझी प्रोसेस. फ्रिजचं दार धाडकन लावलं. वैचारिक पातळी नाही, दुसरं काय.

७ मे, शुक्रवार

स्टेशनवरून घेऊन आलो. काका मला 'साहेब' म्हणतात. चला, कुणीतरी कदर करतंय. घरी आल्यावर विचारलं, पाणी? काकू म्हणाल्या, नको नको, आत्ताच गाडीत प्यायले. चहा? काका म्हणाले, नको रे, कशाला उगाच त्रास. ठीक आहे म्हटलं. माझ्यापुरता केला, त्यांच्यासमोर बसून घेतला. काका माझ्या कपाकडे एकटक बघत होते. डिझाइन आवडलेलं दिसतं.

रात्री बायको आली आणि सगळा विचका झाला. दोघांनी नको म्हटलं तरी हिने पोळ्यांवर पोळ्या वाढल्या. काकांनी हात आडवा घातला, हिने बोटांच्या फटीतून भाजी घातली. बिचाऱ्यांना मनाविरुद्ध भरपेट जेवावं लागलं. काका तर शेवटी ताट पुसून घेत होते, इतका संकोच. मला लाज वाटली.

८ मे, शनिवार

बायको सकाळीच गेली. आता घराला शिस्त.

नाश्त्याचं विचारलं. काकू म्हणाल्या, रात्रीचंच अजून जिरायचंय. म्हटलं, उत्तम. मी खाल्लं.

मग घर दाखवलं. काकांनी आधी बाहेर जाऊन मीटर पाहिला. जित्याची खोड! मग मागच्या खोलीत गेले. पलंगावर बसले, पलंग कुरकुरला, तर उठून खुर्चीत बसले. बाथरूम किती लांब, खिडकी आतून लागते का, रात्री दिव्याचं बटण अंधारात हाताला येतं का, एक ना दोन. शेवटी विचारलं, तुम्ही दोघं कामावर गेल्यावर वहिनींच्या सोबतीला कोण? मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. मोबाइल काढला. कॅमेरा बसवणार आहे म्हटलं. ऑफिसात बसल्या बसल्या आई मला दिसणार. काका म्हणाले, आणि तिला तू? मी म्हटलं, तिला मी कशाला दिसायला हवा? काका हं म्हणाले. चाटच पडले असणार.

दुपारी विचारलं, जेवता का? काकू म्हणाल्या, तुझं होऊ दे, आमची काही घाई नाही. घाई नाही म्हणजे भूक नाही, हे सांगायला पंडित लागत नाही. मी जेवलो, डबा परत फ्रिजमध्ये ठेवला. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. काही हवंय का विचारलं, तर म्हणाल्या, छे, सहज. या माणसांना नुसतं सहज उभं राहायला किती आवडतं!

नंतर दोघं पाय मोकळे करायला बाहेर पडले. चांगले दोन-अडीच तासांनी आले, एकदम खुशीत. काकूंच्या पदरावर कसला तरी चुरा. संध्याकाळी चहाचं विचारलं तर दोघंही हसत हसत नको म्हणाले. बघा. एका दिवसात वळण लागलं. माणसाला वळण लावायला वय आड येत नाही, लावणारा हवा.

बायको आल्यावर तिने फ्रिज उघडला. भरलेले डबे बघून माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या माहेरचं घर विकलं. दिवसभरात काय वाढलंस, विचारते. मी म्हटलं, विचारलं होतं. ती म्हणाली, अरे, त्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हटलेलं नाही! म्हटलं, तो त्यांचा प्रश्न आहे. मग ती तरातरा गेली आणि त्यांना वाढून आली. माझ्याशी अबोला. डोक्याला शांतता.

९ मे, रविवार

बायको जाता जाता बजावून गेली. तेव्हा सिस्टिम बदलली. मी काही हेकेखोर नाही. सगळे डबे टेबलावर मांडले, शेजारी ताटल्या, चमचे. म्हटलं, काका, सेल्फ सर्व्हिस, हवं ते हवं तेव्हा घ्या. आणि आंघोळीला गेलो. म्हणजे विचारायचाही प्रश्न नाही, नको म्हणायचाही नाही. हे ऑफिसात सांगायला हवं.

बाहेर आलो तर एकही झाकण हललेलं नाही. आणि दोघं गायब. दुसऱ्याच्या घरात आपल्या हाताने डबा उघडायचा नाही म्हणे. ही माणसं सुधारणार नाहीत.

मागच्या खोलीच्या खिडकीतून सहज बाहेर पाहिलं आणि उडालोच. पलीकडे कुंपणवालीच्या अंगणात टेबल मांडलेलं. कुंपणवाली म्हणजे शेजारची एकटी म्हातारी. येता-जाता कुंपणावरून बोलायला टपलेली असते, म्हणून मी मान खाली घालून जातो. तिच्या टेबलाशी माझे सख्खे काका-काकू! काकू ताटलीवर दोन्ही हात धरून चक्क मराठीत नको, नको, पुरे म्हणत होत्या. कुंपणवालीला मराठीचा गंध नाही. तिला 'नको' कळणार कसं? तिने काकूंचे हात खुशाल बाजूला केले आणि भलामोठा तुकडा वाढला. काकू खळखळून हसल्या. इतक्या हसताना मी त्यांना लहानपणानंतर आज पाहिलं.

माझं डोकंच फिरलं. घरात डबे भरलेले आणि हे परक्या दारात जेवतायत! तडक गेलो. कुंपणवाली मला बघून म्हणाली, कालही आले होते, किती भुकेले होते बाई दोघं. तू खाणार का? मी तिच्या भाषेत स्पष्ट, सभ्यपणे, नको म्हणालो. ते तिला बरोबर कळलं. तिने ताटली उचलून आत नेली. वास चांगला येत होता, तो भाग वेगळा.

काका म्हणाले, बस की साहेब. मी बसलो नाही.

संध्याकाळी स्टेशनवर सोडलं. काका म्हणाले, घर छान आहे तुझं. मीटर एकदम बरोबर चालतो. काकू मात्र गाडी सुटेपर्यंत माझा हात धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, आईला विचारशील ना, तर दोनदा विचार रे. तीनदा विचार. ती पहिल्यांदा नाहीच म्हणणार. तिला 'ठीक आहे' ऐकायचं नसतं, तिला बोलावलेलं ऐकायचं असतं. आणि डोळे पुसले.

म्हणजे पास! आईला विचार म्हणाल्या, याचा अर्थ काकांचा होकार आहे. बाकीचा तत्त्वज्ञानाचा भाग सोडून दिला. उगाच नाही मी घर इतकं टापटीप ठेवत.

१० मे, सोमवार

आईचा फोन आला. काकांनी घराचं कौतुक केलं म्हणे. मी म्हटलं, मग येतेस ना? ती म्हणाली, नको रे. तुमच्या दोघांच्या नोकऱ्या, तुमचं छान चाललंय, त्यात माझी अडगळ कशाला.

मला वाटलं होतं ती हो म्हणेल. काकूंचं बोलणं आठवलं, नाही असं नाही. पण जे तत्त्व पाहुण्यांना लावलं ते आईला नाही? मी काय दुतोंड्या आहे? आणि आईवर दबाव आणायचा? मी म्हटलं, ठीक आहे आई, तुझ्या निर्णयाचा मला आदर आहे.

तिने हवेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. मग म्हणाली, बरं, ठेवू मग? मी म्हटलं, ठेव.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, फोन लाव परत. आत्ताच्या आत्ता लाव. मी म्हटलं, तिला यायचं असेल तर उद्या तीच करेल. बायकोने कपाळावर हात मारला. सुशिक्षित बाई आहे, पण बोलते अगदी काकूंसारखी.

१३ मे, गुरुवार

आईचा फोन नाही. काम असेल.

मागच्या खोलीत जाऊन बसलो थोडा. पलंग कुरकुरतो हे खरं आहे. आई कुठे झोपून बघणार होती आता, म्हणा. छातीत भरून आल्यासारखं वाटतंय सारखं. ॲसिडिटी. ऑफिसातलं जेवण बंद करावं.

१६ मे, रविवार

आज फोन हातात घेतला होता. नंबरही काढला. पण मग तिने परत नको म्हटलं तर? तिसऱ्यांदाही म्हटलं तर? त्यात आपली काय शोभा राहिली. ठेवून दिला. तिने करायला हवा. मुलगा कोण आहे, ती की मी?

कुंपणवाली आज कुंपणावरून बघत होती. माझ्याशी बोलली नाही. काकूंची चौकशी करायला तरी थांबेल असं वाटलं होतं.

२२ मे, शनिवार

आई येतेय! पुढच्या शनिवारचं विमान! बायकोनेच बातमी आणली. मी खोलीत धावत जाऊन चादर बदलायला घेतली. म्हटलं, बघ, म्हणालो होतो ना, माणसाला मोकळं सोडलं की तो आपण होऊन येतो!

बायको दारात उभी. म्हणाली, ताईकडे येतायत त्या.

ताईकडे. माझ्या आईला ताईने बोलावलं. ताईला फोन लावला, जाब विचारायला. ती शांतपणे म्हणाली, काकी नको म्हणत होती, मी रोज विचारत राहिले. ती म्हणायची अडगळ कशाला, मी म्हणायचे तुझ्यावाचून घर अडलंय. शेवटी रडायला लागली, म्हणाली येते गं बाई. मी विचारलं, किती वेळा विचारलंस? ती म्हणाली, अरे, ते कोण मोजतं?

काकू नोकरी करायच्या, त्यामुळे ताईला लहानाचं मोठं आईनेच केलं, हे मान्य. पण मुलगा मी आहे. विचारलं मी सगळ्यांत आधी. वाईट वाटतं. खूपच वाईट वाटतं. ॲसिडिटी वगैरे काही नाही.

बोलता बोलता ताई म्हणाली, आम्ही सगळे विमानतळावर जाणार आहोत, तू येतोस का? काकीला बरं वाटेल. मला वाटेतच पडतं ते. सुट्टीच आहे. मी म्हणालो, नको, तुम्ही सगळे आहातच, सामानाला जागा पुरायची नाही, उगाच माझी गर्दी कशाला.

ताई म्हणाली, बरं, ठीक आहे. आणि फोन ठेवला.

ठेवला! म्हणजे काय? असा कुणी फोन ठेवतं? रीत म्हणून तरी अजून एकदा विचारायचं. मी हो म्हणणारच होतो.