होळीची सावर

९ मार्च
सोसायटीच्या कुंपणामागची काटेसावर भरात. शिंजीर, पळसमैना, आग्या मधमाश्या. गळून पडलेल्या फुलांत मुंग्या. चिखलोलीच्या या टोकाला एवढं एकच मोठं झाड उरलंय.

१२ मार्च
खोडाला कुंकू फासलेलं, खाली नारळ फोडलेला. वर गावातले बाळारामदादा, कोयता घेऊन. मी खालून ओरडले, फुलं दिसत नाहीत का?
"होलीला सावरच लागते, मॅडम. एकच फांदी न्हेताव."
कशाला पण?
"तुमची बिल्डिंग बांधली तवा किती झारं तोरली, इचारलंत?"
खालची मंडळी हसली. फांदी पडली. मधमाश्या तिच्याबरोबर जमिनीपर्यंत आल्या.
रीत म्हणे. संताप.

१३ मार्च
होळीला गेले नाही. दादांच्या सुनेने पुरणपोळी आणून दिली. खाणार नव्हते. संध्याकाळी खाल्ली.

६ एप्रिल
कापल्या जागी कोंभ. बोंडं धरलीत. त्यांच्यावर तांबडे ढेकूण, जोडीजोडीने, पाठीला पाठ. मादी जाईल तिकडे नर उलटा चालतो.

२६ एप्रिल
बोंडं फुटली, कापूस उडतोय. ग्रुपवर सेक्रेटरी: एसी जाम होतात, जिन्यात लाल किडे. झाड बुंध्यातून काढायचं, बुधवारी. परवानगी 'छाटणी'ची. खाली अंगठेच अंगठे.
मी लिहिलं, ते चावत नाहीत, बिया शोषतात.
"तो मॅडम, आप पाल लो।" वर हसरे चेहरे.
गाव वर्षाला फांदी नेतं. आम्हाला अख्खं झाड हवं. आणि अडाणी कोण, तर…

३० एप्रिल
दादांना कालच फोन केला होता. सकाळपासून बुंध्याशी बसलेले. कटरवाला आला तसे म्हणाले, "काप. होलीचा झार हाय. पयला नारल फोर, नि देवीला सांग, कुनी कापाला सांगलंय."
त्याने खोडावरचं फिकटलेलं कुंकू पाहिलं. मशीन बंद. "दुसऱ्याला बोलवा साहेब. मला पोरंबाळं आहेत."
सेक्रेटरी माझ्याकडे बघून: "सोमवारी दुसरा येईल."

४ मे, रविवार
दादा लग्नाला बाहेरगावी, परवा येणार. उन्हाधुळीने खोडावरचं कुंकू पार उडालंय. उद्याच्या माणसाला कसं कळणार, हे झाड कुणाचं?
घरात कुंकू नाही. कधी ठेवलंच नाही. समोरच्या वहिनींकडून डबी आणली.
"तुम्ही? आणि पूजा?"
उजेड आहे तोवर खाली जाऊन येते.