एकनाथरावांची काच

विद्यानगर, हैदराबाद
ऑक्टोबर १९९५

प्रिय वैशाली,

अक्षर बघून नाक मुरडू नकोस. पालथी पडून, छातीखाली उशी घेऊन लिहितेय; का, ते सांगेन. तुझं कार्ड मिळालं. कधी नव्हे ते तू पेशंटची चौकशी केलीस, एकनाथराव कसे आहेत म्हणून! अगं, मजेत आहेत. काल खिडकीपर्यंत चालत जाऊन आले आणि स्वतःवरच इतके खूष झाले की विचारू नकोस. हे तुझ्यामुळे, तेव्हा त्यांची कहाणी तुला पहिल्यापासून सांगायलाच हवी.

मायक्रोस्कोपखाली त्यांच्या गाठीची काच वाचताना तू ती विचारली नाहीस. शेवटी हिम्मतराव सरांची शिष्या! आठवतंय ना, काचेवरचं नाव कागदाने झाकायचं, आधी पेशी बघायच्या, मत द्यायचं आणि मगच पेशंट कोण ते विचारायचं. जो आधी विचारेल त्याने इराण्याकडे सगळ्यांना चहा आणि उस्मानिया बिस्किटं द्यायची. तो भुर्दंड कायम माझ्यावर! कहाणी ऐकली की डोळा भुलतो, असं सर म्हणायचे, आणि मला नेमकी कहाणीच हवी असायची. तुझं आपलं काही नाही. मी तुला दगड म्हणायचे. आणि हीच दगड माझ्या साध्या टायफॉईडला उशाशी बसून अशी रडली, की वॉर्डातल्या बायका मी गेलेच असं समजून भेटायला आल्या.

तर एकनाथराव. वय त्रेचाळीस, काम दिवसभर बसून करायचं, म्हणून कंबर दुखते असं वर्षभर सगळ्यांनी ठरवून टाकलं. मग एका संध्याकाळी नारायणगुड्याच्या बाजारात चप्पल पायातून निसटली आणि स्वारीला पत्ताच नाही. भाजीवाली मागून ओरडली, "चप्पल इधरिच रह गई!" तेव्हा कुठे कळलं की डावं पाऊल बधिर झालंय. गावात आता एमआरआयचा बोगदा आलाय, त्यात घातलं तर मज्जारज्जूच्या शेपटाशी गाठ. सर्जनने ती सालासकट, न फोडता काढली. सगळ्यांनी सुस्कारा टाकला, आणि मग माझी झोप उडाली.

कारण काचेवर जिकडेतिकडे बुळबुळीत पदार्थाची तळी! तुला शिकवत नाहीये, तेव्हा मनातल्या मनात जी उजळणी चालायची तीच लिहितेय. मज्जारज्जूच्या अस्तरातून उगवणारी ती दुर्मीळ पण सज्जन गाठ असेल, तर अशी अखंड काढली की बहुतेक निभावतं. पण माकडहाडातली चिवट गाठही अशीच दिसू शकते. आणि पोटातल्या कॅन्सरचं पिल्लू तिथे येऊन बसलं असेल तरी तळी हीच. तसं असतं तर एकनाथरावांना पुढची दिवाळी बघणं कठीण होतं.

बरं, इथे सगळ्यांचा एकनाथरावांवर जीव. माझा सहकारी किशोर काच बघून म्हणाला, सज्जनच आहे, अगदी नक्की. बोलताना त्याचे डोळे भरलेले; भरल्या डोळ्यांना काय डोंबल दिसणार? आमच्या आयाबाई मालनबाई, काच आणि खिडकीचं तावदान यात फरक न करणाऱ्या, त्याही म्हणाल्या, "अच्छीच है, फिकर नक्को!" मी बघितली तर सकाळी चहा प्यायल्यावर सज्जन दिसायची, अंधार पडला की खुनशी. घाबरलेल्या डोळ्यावर मी आजवर कधी विसंबले नव्हते, तेव्हा तरी कशी विसंबू? खात्री करायला जो परदेशी रंग लागतो, त्याची आमची बाटली कुठल्या गोदामात अडकली होती देव जाणे. देश खुला झालाय म्हणे! कोल्ड्रिंकच्या परदेशी बाटल्या पानाच्या ठेल्यावरसुद्धा मिळतात, आमची एवढीशी बाटली तेवढी येत नाही. तुमच्याकडे पुण्याला तो रंग पोचल्याचं कळलं होतं, म्हणून मेणात बसवलेला गाठीचा तुकडा आणि काच कुरिअरने तुला धाडली.

आणि तुझा फॅक्स आला! पेशींनी रंग छान घेतलाय, चहासारख्या तपकिरी झाल्यात, अस्तराचीच गाठ आहे. आणि खाली तुझ्या हाताने लिहिलेलं, "चारू, तळी काय बघत बसलीस? तुझ्या एकनाथरावांच्या रक्तवाहिन्यांभोवती बायका बतुकम्मा खेळतायत." मी काच पुन्हा लावली. खरंच गं! फुलांच्या उतरंडीभोवती बायका फेर धरतात तशाच पेशी, एकेका रक्तवाहिनीभोवती. बाहेर गल्लीत खरीखुरी बतुकम्मा चाललेली, टाळ्या ऐकू येत होत्या आणि मी आत हसत होते, रडत होते. किशोरने खुबानी का मीठा आणलं. मालनबाईंनी दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाल्या, मी आधीच सांगितलं होतं.

आता पालथं पडण्याचं. वैशाली, टाके माझ्या पाठीला आहेत. काच बघायचे तीही अशीच पालथी पडून, किशोरने उशाशी आणून ठेवलेल्या मायक्रोस्कोपवर. एकनाथराव नावाचं कुणी नाही. बाबांचं नाव आठवलं, तेच लिहिलं. वय मात्र माझंच आहे, तेवढी इमानदारी ठेवली, आणि तुला त्यावरूनही शंका आली नाही, हौली कुठली, वेडीच! बाईचा पुरुष केला, आपल्या धंद्यात हे पापच. ये आणि हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण कागद लावता लावता काचेवर माझं नाव दिसलं असतं तर तू काय केलं असतंस, ते मला टायफॉईडपासून माहीत आहे. मला फार भीती वाटत होती गं. मला तुझा कोरडा डोळा हवा होता आणि तूही हवी होतीस, आणि दोन्ही एकदम मिळण्यासारखं नव्हतं. म्हणून आधी डोळा मागून घेतला. आता दिवाळीला तू ये. चहा-बिस्किटांचा भुर्दंड माझ्यावर. काच वाचून झाली आहे, आता खुशाल रड.

तुझीच, खिडकीपर्यंत चालणारी,
चारुलता