चार बोटं दुमड

२ मार्च

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

ठिणगीच्या ऑपरेशनला आज बारा दिवस झाले आणि तेवढ्यात माझं दुकान कपड्यांपेक्षा सल्ल्यांनीच जास्त भरलंय. ज्यांना स्वतःची पाठ का दुखते ते कळत नाही, ते मला किडनी शिकवतात. तुझी थोरली काकू काल तासभर डोळे पुसून गेली. पोर हॉस्पिटलात आणि रुमाल हिचा ओला! जाताना ब्लाउज कधी मिळेल ते विचारायला मात्र विसरली नाही. तुझा भाऊ म्हणतो, आशा सोडू नका. मी त्याला म्हटलं, आशेला बटणं लावता येत नाहीत, तू गुमान काजं कर.

जावईबापूंना सांग, लग्नाला दहा वर्षं झाली, पहिल्यांदाच घराच्या उपयोगी पडलात. पण लेकीला एक किडनी दिली म्हणून जन्मभर लोळायची सूट मिळाली असं समजू नका.

ठिणगीसाठी फ्रॉक पाठवतोय. पुढून उघडा ठेवलाय, नळ्या अडकणार नाहीत. ऑपरेशनच्या आधीच शिवून ठेवला होता.

लोभ असू दे असं लिहीत नाही, तो माझ्याकडे मापापेक्षा जास्तच आहे.

बाबा

९ मार्च

ती. बाबांस शि. सा. न.

तुमची जीभ कात्रीपेक्षा धारदार आहे हे इथल्या नर्सबाईंनाही कळलं, कारण ठिणगीनं तुमचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. तुमचे जावई हसले आणि टाके धरून कळवळले.

इथे सगळ्यांचा जीव एका प्लास्टिकच्या भांड्यात अडकलाय. लघवी किती झाली ते मोजून लिहायचं. परवापासून आकडा घसरलाय, रक्ताचा रिपोर्टही बिघडलाय. शरीर नवी किडनी परकी समजून हाकलायला बघतंय, असं डॉक्टर म्हणाले. तीन दिवस जोरदार इंजेक्शनं देऊन पाहू म्हणाले. तेव्हापासून मी दर तासाला भांड्यातला आकडा बघते.

औषधांनी ती फुगलीय. फ्रॉक पोटावर बसेना, म्हणून मी शिवण उसवायला घेतली. बाबा, आत काहीच नव्हतं. बाजूला मार्जिन नाही, खाली दुमड नाही, कापड अगदी कडेला कापलेलं. शेजारच्या पोरांच्या कपड्यांनाही चार बोटं दुमड ठेवणारे तुम्ही! वाढत्या अंगाचं शिवून घ्या, म्हणून गिऱ्हाइकांना झापणारे तुम्ही! कापड कमी पडलं असं सांगू नका, मी शिंप्याची मुलगी आहे. माझ्या लेकीला वाढायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही. काकूच्या रुमालाला हसता, पण ती निदान सगळ्यांसमोर रडली.

माया होती तशीच आहे. राग मात्र तुमचं उत्तर येईपर्यंत राहील.

ताई

१३ मार्च

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

कापड भरपूर होतं. उरलेला तुकडा अजून खणात आहे. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात कापायला बसलो. खडूनं दुमडीची रेघ मारली आणि पुसून टाकली. वाटलं, कशाला. एवढंच वाटलं आणि कात्री चालवली. पन्नास वर्षांत असं काम माझ्या हातून झालं नव्हतं. मी भ्यालो होतो, ताई. लोकांच्या आशेला नावं ठेवत बसलो, आणि सगळ्यांत मोठा मूर्ख माझ्याच मशीनवर बसला होता.

नवा फ्रॉक पाठवतोय. दोन्ही बाजूंना मार्जिन आहे, खाली चार बोटं दुमड. ती उसवायला मी येणार. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर याद राख. तो चौकातला शिंपी शिवत नाही, नुसता टाचतो.

रागावलीस तरी चालेल, पण भांड्यातला आकडा रोज कळव.

बाबा

५ एप्रिल, पुढचं वर्ष

ती. बाबांस शि. सा. न.

वर्षभर आकडे कळवले, आज एकही नाही. त्या इंजेक्शनांनी सावरलेली किडनी आता नीट रुळलीय. डॉक्टर म्हणाले, यापुढे तीन महिन्यांनी या. काकू आनंदानं रडायला येऊन गेली. तुमचे जावई किडनीच्या नावावर अजून लोळतायत. ठिणगी पुन्हा शाळेत जाते. तिची जीभ फार चालते, अशी बाईंची चिठ्ठी आलीय. कुणावर गेली ते मी त्यांना सांगितलं नाही.

आणि बाबा, फ्रॉक आखूड झालाय. कात्री घेऊन या.

ताई