सुखाची झोप

रविवार, संध्याकाळ. कुडवा.

प्रभूनं आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष मागच्या रविवारी प्रार्थनेत मी कायले दिली? बोललो ते खरंच होतं. राइस मिलमधलं जन्माचं काम गेलं, सेठनं नवी मशीन आणून मला घरी बसवलं, डोळ्याला डोळा लागत नव्हता. मग येशूच्या पायाशी आलो आणि आता सुखाची झोप लागते. सगळे आमेन म्हणाले. कोणीतरी ते सेठच्या कानावर घातलं.

आज सुखदेव आला. आम्ही दोघं एकाच बॉयलरवर होतो. काल त्यालाही काढलं. चहाला त्यानं हात लावला नाही.

"सेठ म्हणे, रडून काऊन राहिला? तुह्या दोस्ताले पाह्य, काम गेल्यापासून सुखाची झोप लागते त्याले. तूही जाय प्रार्थनेले."

मी म्हटलं, चाल ना, खरंच शांती भेटते. हे तरी तेव्हाच कायले बोललो?

चपला घालता घालता तो म्हणाला, "झोप तू."

त्याच्यासाठी प्रार्थना केली. सेठसाठीही केली, दात-ओठ खात. देवा, आज तरी मला जागं ठेव, असंही म्हटलं. पण आताच जेवलो, आणि लिहिता लिहिता डोळे मिटून राहिले.