कागदाच्या बाहुलीवरचा पत्ता

ड्रेस्डेन, १८ जुलै

प्रिय साधना,

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का गं? भाऊजींची साखर उतरली? आणि तनयाचे डोहाळे अजून चिंचेवरच अडलेत? माझं म्हणशील तर सूनबाई ईप्सिता मऊ भात वेगळा लावते, पाय गरम ठेवते. तक्रारीला जागाच नाही, हीच तक्रार.

गेल्या महिन्यात निहारचं जपानात काम निघालं, त्याने आम्हा सगळ्यांनाच नेलं. समुद्राकाठी एक शिंतो देऊळ, तिथे अर्धं वर्ष सरल्याची जत्रा. दारात गवताचं भलंमोठं कडं उभं. त्यातून तीनदा गेलं की सहा महिन्यांचं किल्मिष झडतं म्हणे. पहिला वळसा डावीकडे. मी मेली प्रदक्षिणेच्या सवयीने उजवीकडे वळले आणि एका जपानी आजोबांवर आदळले! ते वाकून माफी मागतायत, मी नमस्कार करतेय, मागे रांग खोळंबलेली. आमची नात स्वानंदी ओरडली, "ओमा, फाल्श! चुकलीस!" निहार हसून म्हणाला, "आई, तुला एकटीला सोडायची सोयच नाही." मीही हसले.

मग कागदाची बाहुली दिली. तिच्यावर नाव, वय, पत्ता लिहायचा, दृष्टीसारखी अंगावरून उतरवायची, फुंकर घालून परत द्यायची. ती समुद्रात सोडतात. मी लिहून गेले, गुहागर, वरचा पाट. नाकात खारा वारा, दुसरं काय सुचणार! "अगं, तिथे आता कोण राहतं?" म्हणत निहारने त्यावर रेघ मारली नि ड्रेस्डेनचा पत्ता घातला. प्रेमानेच हो. पण बाहुल्या सोडताना मी समुद्राकडे पाठ करून उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा.

आता वीस ऑगस्टला इथल्या कचेरीत माझं तेर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, आहे. कायम इथे राहायचा अर्ज निहारने भरलाय, सही तेवढी माझी उरलीय. म्हणतो, गुहागरला एकटी पडलीस तर कोण उचलणार? त्याचं काळीज मला कळतं गं. पण सुरी सोन्याची म्हणून उरात खुपसून घ्यायची का? फोनवर बोलावं तर घरात सगळे ऐकतात, म्हणून पुण्याला निघालेल्या शेजारच्या ऋचाच्या हाती हे पत्र देतेय, ती तिथून टपालात टाकेल. तू गुहागरला माझ्यापासून दोन घरं सोडून आहेस. रोज सकाळी माझं दार उघडलं का, एवढं बघशील? बघणार असलीस तर सही करणार नाही, हे मी निहारला माझ्या तोंडाने सांगेन. जमणार नसेल तर तसंही लिही, रागावणार नाही. पण लवकर लिही. ऋचा दहा ऑगस्टला परत निघतेय, तिचा पुण्याचा पत्ता मागे लिहिलाय, उत्तर तिथेच धाड.

तुझीच,
मालिनीताई